बोलायचा परवाना

लढाई संपली, तशी खंडाळ्याच्या गंगाधरपंतांनी लष्कराच्या भंगारातले दोन बिनतारी संच मिळवले. घाटात दरीत पडलेल्यांना वर काढणारे त्यांचे स्वयंसेवक होते, त्यांच्यासाठी. संच बाळगायची परवानगी हातात होती, त्यांवरून बोलायची तेवढी राहिली होती. ती द्यायला पुण्याहून आलेले साहेब म्हणाले, "आधी चालवून दाखवा."

पंतांनी स्वयंसेवकांतला सगळ्यात दांडगा गडी, गुराखी रखमाजी, एक संच पाठीवर देऊन समोरच्या डोंगरावर धाडला आणि दुसरा व्हरांड्यात साहेबांपुढे मांडला. साहेबांचा दुसरा चहा संपत आला, तोच आवाज आला, "पंत, हितं एक मानूस दरीत घसरलाय आसं समजा. दोर घिऊन या." शब्द न् शब्द स्वच्छ, खरखर म्हणून नाही. पंतांची छाती वीतभर फुगली.

"उत्तम," साहेब म्हणाले. "आता बोलायचा परवाना दाखवा."

"तोच तर आपल्याकडे मागतोय, साहेब."

"म्हणजे बिनपरवाना बोललात. दोन्ही संच जप्त, आणि खटला वेगळा."

साहेबांचा पंचनामा लिहून सहीपर्यंत आला, तेवढ्यात डोंगर उतरून घाम पुसत रखमाजी हजर झाला.



"पंत, त्यो डबा लय जड वो. पायथ्याला नंदाबाईच्या गोठ्यातच ठिवला आन वरनं नुस्ती हाळी दिली. आली न्हवं ऐकू?"