कोरी नळी

जुन्या हाडांमधला डीएनए काढायला बफर नावाचं द्रावण लागतं. पनवेलच्या आमच्या लॅबमध्ये ते मी एकटीच बनवते. आत दुसऱ्या कोणी शिरायचं नाही, मास्क काढायचा नाही. माणसाच्या श्वासानेही नमुना बिघडतो. घरीही बोलायला कोणी नसल्यामुळे मला हे कधी जड गेलं नाही.

दर वेळी एका नळीत हाड न घालता नुसता बफर ठेवतात. ती नळी कोरीच निघायला हवी; तिच्यात कोणाचा डीएनए सापडला, तर बाहेरचं काही मिसळलंय असं समजायचं.

खारघरहून शैलेशचा फोन आला. आमचे रिपोर्ट तो काढतो.

“किशोरीताई, कोऱ्या नळीत तिसऱ्यांदा तेच आलंय. मुलगी आहे. लॅबच्या नोंदीतल्या तुमच्या डीएनएशी बरोब्बर निम्मं जुळतंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमची लेक असावी तसं. पण तुम्हाला तर...”

“मला मूल नाही.”

“मग बफरच खराब असणार. ओतून टाका, नवीन करा.”

मास्क लावून मी आत गेले आणि बाटली बेसिनवर धरली. झाकण सकाळपासून घट्ट बंद होतं. ते उघडायला हात लावला, तशी काचेवर आतून वाफ धरली, लहानशा तोंडाएवढी. विरली. पुन्हा धरली.

मी मास्क खाली ओढला.