नानांचा पहिला गड

"पाणी नको भरूस. चढताना पाणी प्यायलं की दम लागतो," देवचंदनाना बायकोला म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पुरी ताटात घेतली.

स्वयंपाकघराच्या दारात ज्योती थबकली. सासऱ्यांच्या पायांत कालच आणलेले करकरीत बूट होते.

"कुठं निघालात नाना?"

"लळिंगच्या किल्ल्यावर. डॉक्टर म्हणे, डोंगर चढा, छाती मोकळी होईल. त्यात शिकायचं काय? पायच तर उचलायचे."

"एकटेच?"

"मग काय? जाऊ दे त्यांना," सासूबाई ओट्याजवळून म्हणाल्या. "पडले तर लोक आणतील उचलून."

वर्षभर ज्योती फारशी बोलत नव्हती. तिचा नवरा रविंद्र महामार्गावरच्या अपघातात गेला आणि तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. शाळेतली नोकरी सोडली. माहेरची माणसं न्यायला आली, ती रिकामी परतली. नाना रोज अंधारात गाडी काढून खेड्यावरचं ताजं दूध आणायला जात. ते परत आले तरी तिच्या खोलीचं दार बंदच असे.

पण रविंद्रबरोबर ती बरेच डोंगर चढली होती. नवे बूट घालून, भरल्या पोटी चढणाऱ्याचं काय होतं, हे तिनं पाहिलं होतं.

"ते बूट काढा आधी," ती म्हणाली.

माळ्यावरची पिशवी तिनं वर्षभर उघडली नव्हती. त्यातले रविंद्रचे मळके बूट नानांना नीट बसले. खाली तिचे स्वतःचेही होते. ते हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. मग बाटल्या भरायला गेली.

पायथ्याशी गाडी लावताच नाना तरातरा सुटले.

"सुरुवातीलाच जोर लावला की लवकर संपतं!"

"उलट आहे नाना. बोलता येईल इतक्याच चालीनं चालायचं."

"मग तूच बोल. मी तुझ्या चालीनं येतो."

तिला साल्हेरच्या किल्ल्यावरची गोष्ट आठवली. माकडानं भाकरीचं फडकं पळवलं होतं आणि रविंद्र त्याच्यामागं धावला होता. माकड झाडावर आणि रविंद्र खाली, हात जोडून, "निदान ठेचा तरी दे रे!" म्हणत. सांगता सांगता ज्योतीला हसू फुटलं. नाना तर पोट धरून दगडावरच बसले. आपलं हसणं तिला दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं.

"पाणी प्या."

"थंडीत कुठं तहान लागते?"

"तहान लागायच्या आधीच प्यायचं असतं. घोटघोट."

पुढं घसरणीवर पाऊल आडवं कसं टाकायचं, ते तिनं करून दाखवलं. नाना भलत्याच पायवाटेला लागले, तेव्हा हाक मारून वळवलं. शेवटच्या चढावर ते छातीला हात लावून थांबले आणि ती झटकन मागं वळली.

"परत फिरू या, नाना. खरंच."

"तू आहेस ना बरोबर? मग चल."

पुढं होऊन तिनं त्यांना हात दिला. त्या हाताला धरून नाना एकेक पायरी वर आले.

माथ्यावर वारा होता. एका बाजूला धुळं पसरलेलं, खाली महामार्ग. त्या रस्त्याकडं तिनं वर्षभरात मान वर करून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. डोळे भरले, पण तिनं नजर काढून घेतली नाही. नाना शेजारी हाफत उभे होते.

"उतरणं सोपं समजू नका," ती म्हणाली. "गुडघ्यांची परीक्षा तिथंच असते."

"मग एका दिवसात काय येणार मला?"

"पुढच्या रविवारी सोनगीरच्या किल्ल्यावर जाऊ," ती बोलून गेली. मग हळूच म्हणाली, "आणि नाना, उद्या शाळेत जाऊन विचारून येते. घेतात का परत."

नानांनी बाटली काढून पाण्याचा घोट घेतला.

तेवढ्यात माथ्यावरच्या मंदिरामागून शेळ्या आल्या. त्यांच्यामागं त्या राखणारी सुगंधाबाई, कपाळावर हाताचा आडोसा धरून.

"नाना, आज इतला उशीर?" ती लांबूनच ओरडली. "वरीस व्हयनं, रोज ते दिन उगाना पहिले वर येतस तुम्ही. आनि आज असा का हाफी ऱ्हायनात?"