शांत केबिन

चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास नाकात भरला होता, तरी बद्रीनाथ केबिनमधून उतरला नाही. बिबवेवाडीच्या त्या गॅरेजात चेतन मेकॅनिक त्याच्या पायाशी उकिडवा बसून पत्र्यावर डांबरी शीट चिकटवत होता. शीटवर जाड लोकरी नमदा, नमद्यावर फोम, दारांच्या कडांना रबराची पट्टी, आवाज आत येऊ नये म्हणून. बद्रीनाथनं हेच तर इतकी वर्षं मागितलं होतं. मालकासमोर, विटा उतरवणाऱ्या गड्यांसमोर, चहाच्या टपरीवर, जिथं तोंड उघडेल तिथं. ट्रक जुना. इंजिन केबिनमध्येच, पत्र्याच्या झाकणाखाली, शेजारी मांडी घालून बसल्यासारखं. दिवसभर ते कानात दळण दळायचं आणि घरी गेलं तरी जातं थांबायचं नाही. त्याची बायको मुक्ताई म्हणायची, अहो, हळू बोला, शेजाऱ्यांना वाटतं आपण रोज भांडतो.

मालक बापूराव शेठ दर वेळी हसायचे. ट्रकमध्ये बसून कीर्तन ऐकायचंय का तुला, म्हणायचे.

आता त्याच बापूरावांनी आपणहून ट्रक इकडे धाडला होता. कशाबद्दल, ते बद्रीनाथला ठाऊक होतं.

धायरीच्या साइटवर त्यानं ट्रक मागं घेतला तेव्हा मागं श्याम होता, विटा उतरवणारा गडी. रिव्हर्स हॉर्न दिवाळीपासून मेलेला. मागं उभं राहून हात दाखवणारा क्लीनर बापूरावांनी कधीच काढून टाकलेला, उगाच एक तोंड पोसायचं म्हणून. लोकांनी ट्रकच्या मागच्या फाळक्यावर हात आपटले तेव्हा कुठं बद्रीनाथनं ब्रेक दाबला. डॉक्टरांना श्यामचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. विटांचा ढीग कोसळला, असं दवाखान्यात सांगून बापूरावांनी वेळ मारून नेली. पण श्यामच्या भावानं पोलिसांत तक्रार दिली. ट्रक तपासणीला आणा, असा निरोप आला.

बद्रीनाथ श्यामला भेटून आला होता. श्यामनं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"बद्रीभाऊ, मी ओरडलो हो," एवढंच म्हणाला. "लई ओरडलो."

तिथून बद्रीनाथ तडक शेठकडं गेला होता. पोलिसांना खरं ते सांगणार, हॉर्न बंद होता, दहादा सांगूनही यांनी बसवला नाही, असं तोंडावर सुनावून आला. बापूरावांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हॉर्न वाजत होता, एवढंच सांग. श्यामचं मी बघतो. आन् तुझी ती केबिन, तीबी करून टाकू. लई सोसलंस तू."

चौकीत बद्रीनाथनं तेवढंच सांगितलं. श्यामचा पाय काही परत येत नाही, आपले कान तरी वाचतील. माणूस स्वतःला विकतो तेव्हा अशीच समजूत घालतो, आणि वर त्याला शहाणपण म्हणतो.

सगळ्यात शेवटी चेतननं वरून रेक्झिन मारलं. तेही नवं नाही. भंगारातल्या कुठल्यातरी गाडीचं फाडून आणलेलं, घामानं चिकट झालेलं, तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी तांबडं पडलेलं. बद्रीनाथनं नाक दाबलं. चेतननं खांदे उडवले. जुनंच मारायचं, अशी शेठची ताकीद आहे म्हणाला. काय हा दळभद्रीपणा, बद्रीनाथच्या मनात आलं. लाच देतो, तीही उष्टी.

पण दार लावलं आणि शांतता झाली.

सिंहगड रोडला लागेपर्यंत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बाजूनं स्कूटरवाले हॉर्न दाबत, तोंडं वेंगाडत जात होते आणि त्यांची कटकट काचेबाहेरच राहत होती. कानातलं जातं पहिल्यांदाच मंद झालं. त्याला बरं वाटलं. बरं वाटतंय हे कळलं, तशी इतकी किळस आली की काच खाली करून तो रस्त्यावर थुंकला.

चौकीच्या आवारात तपासणीला आलेले साहेब तरुण होते, अघळपघळ बोलणारे नव्हते. त्यांनी ट्रक रिव्हर्सला टाकायला लावला. हॉर्न खणखणीत वाजला. बापूरावांनी तोही बसवून घेतला होता. त्या दिवशी असाच वाजत होता ना, साहेबांनी विचारलं. बद्रीनाथनं मान हलवली. श्यामचा भाऊ कुंपणापाशी उभा होता. बद्रीनाथनं तिकडं पाहिलं नाही.

मग साहेब स्वतः केबिनमध्ये चढले. दारं लावली, इंजिन सुरू केलं आणि हवालदाराला मागं उभं राहून ओरडायची खूण केली. हवालदार ओरडला. पुन्हा ओरडला. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. आत साहेब समोर बघत शांत बसून होते.

ते खाली उतरले. बद्रीनाथकडं त्यांनी रोखून पाहिलं. केबिनला हे सगळं कुणी लावलं, त्यांनी विचारलं.

बद्रीनाथ बोलणार, त्याआधी बाजूला उभे असलेले बापूराव हात जोडून पुढं आले. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"काय सांगू साहेब. माझ्या मागं लागून दमला, आन् दिवाळीत मला न विचारताच करून आणलं यानं, रेक्झिन बघा किती मळलंय. साइटवर कुणालाबी विचारा, किती वर्षं हेच मागत होता. मी बापासारखं समजावलं याला, अरे, मागनं एखादा गरीब ओरडला, तर तुला ऐकू तरी येईल का?"