भिंतीवरची भूमिका

फोटोवरचा पडदा बाजूला झाला. समोर स्वतःचंच तोंड पाहून पहिल्या रांगेतला कानिफनाथ हात जोडून उठला. टाळ्या पडल्या. मग त्यानं फोटोखालची पाटी वाचली : 'कै. सूर्यभान पाटील'. जोडलेले हात तसेच ठेवून तो खाली बसला.

फोटो त्याचाच होता. बहिणीनं, राहीबाईनं, निरोप धाडला होता की, सभापतींच्या माणसानं तुझा फोटो मागून नेलाय, नव्या शाळेत लावणार आहेत. ऐकून कानिफनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वीस वर्षं सिनेमात घासली, तरी गाव त्याला 'तमाशात गेलेला' म्हणूनच ओळखत होतं. तमाशात गेला असता तर निदान चार वाक्यं तरी तोंडी आली असती. उशिरा का होईना, गावाचे डोळे उघडले असं समजून तो कोरं धोतर नेसून कोल्हापूरहून एसटीनं आला.

सिनेमात त्यानं पंचायतीतला तिसरा माणूस केला. नायिकेच्या लग्नात अंतरपाट धरला. नायकाचं घोडं धरलं, तेव्हा पडद्यावर घोडं पूर्ण दिसलं आणि तो अर्धा. एकदा मात्र त्याला बढती मिळाली. नायकाचा बाप! फक्त हा बाप सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलेला होता. उसना फेटा, उसना कोट आणि उसन्या मिशा लावून त्याला स्टुडिओत खुर्चीवर बसवलं, फोटो काढला आणि भिंतीवर टांगला. मग नायक प्रत्येक संकटात त्याच्यापुढं येऊन रडे. उभ्या कारकिर्दीत कानिफनाथ सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर दिसला तो याच सिनेमात, मेल्यावर. त्या फोटोची एक प्रत त्यानं मोठ्या अभिमानानं बहिणीला दिली होती.

तीच आता नगरला मोठी करून, फेट्याला गुलाबी रंग देऊन आणली होती. सभापती श्रीमंतरावांनी वडिलांच्या नावानं शाळा काढली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की वडिलांचा फोटोच नाही. सूर्यभान पाटील स्वातंत्र्याच्या आधीच गेले, तेही कधी कॅमेऱ्यापुढं न बसता. साल दुष्काळाचं. विहिरींचे तळ उघडे पडलेले, गाव टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेलं. पण नगरहून आलेल्या हारांवर पाणी शिंपडायला एक माणूस खास नेमला होता. एवढ्या मोठ्या मनाच्या मुलानं बापासाठी एक तोंड उसनं आणलं, तर कुणाचं काय बिघडलं?

पाटील असे दिसत नव्हते, हे म्हाताऱ्यांना चांगलं आठवत होतं. पण दुष्काळी कामावर खडी फोडायला कुणाला घ्यायचं ते सभापती ठरवत. त्यामुळे म्हाताऱ्यांची नजर त्या दिवशी एकदमच अधू झाली होती.

बायकांत बसलेली राहीबाई तेवढी ओरडली, "अवो, ह्यो तर माझा दादा हाय!"

नगरहून आलेले पाहुणे साहेब सभापतींकडं पाहू लागले. कानिफनाथ उठला. कुणी 'पुढं हो' न सांगता पुढं व्हायची ही त्याची पहिलीच वेळ.

"श्रीमंतराव, फोटो राहू द्या. पण खाली माझं नाव लिहा. इतकी वर्षं सिनेमाच्या पाट्यांवर नुसतं 'आणि इतर' असंच लागलं. या एका भिंतीवर तरी माझं नाव लागू द्या."

त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब भाषण. दिग्दर्शक असता तर त्यानं निम्मं कापलं असतं.

श्रीमंतराव हसले. इतक्या निवडणुका त्यांनी काही उगाच जिंकल्या नव्हत्या. त्यांनी व्यासपीठावर बसवलेल्या आपल्या आईला, भागूबाईंना, हाताला धरून फोटोपुढं आणलं.

"आई, तूच सांग समद्यांना. हे कोन हायेत?"

कानिफनाथला हायसं वाटलं. गाव घाबरेल, पण बायको नवऱ्याचं तोंड कशी विसरेल?

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मान वर करून ती फोटोकडं पाहत राहिली. इतका वेळ की साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"ह्येच," ती म्हणाली. "ह्येच आमचे मालक."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बँड सुरू झाला. शेजारणींनी राहीबाईला ओढून खाली बसवलं. भागूबाईंच्या हातात हार दिला, पण त्यांचा हात फोटोपर्यंत पोचेना. त्यांनी कानिफनाथला खुणेनं बोलावलं. सगळा जन्म दुसऱ्यांच्या वस्तू धरण्यात गेलेला. त्याचे हात आपोआप पुढं झाले. हार त्यानं घेतला, पण घातला नाही. पदराआडच्या कानाशी वाकून तो म्हणाला,

"काकू, देवाला तरी भ्यायचं. ह्यो मी हाय."

"ठावं हाय मला. राहीचा भाऊ तू." बँडच्या गोंगाटात तिचा आवाज त्याच्यापुरताच होता. "लई मारायचे रं मालक. इतका संसार केला, पन मान वर करून त्यांच्या तोंडाकडं बघायची कवा छाती झाली न्हाई. ऱ्हाऊ दे की बाबा. ह्याच्याकडं बघता येतंय."

कानिफनाथ स्टुलावर चढला आणि त्यानं स्वतःच्या फोटोला हार घातला.