केबिनमधलं टिंग

अठ्ठ्याण्णव साली काळुरामशेठच्या पेणमधल्या गणपती कारखान्यात दोन कॉम्प्युटर आले, एक हिशेबाला नमिताच्या टेबलावर आणि दुसरा तिच्यावर नजर ठेवायला शेठच्या केबिनमध्ये. नमिताचा माउस पाच मिनिटं हलला नाही की तिच्या पडद्यावर मासे पोहू लागायचे, आणि त्याच क्षणी केबिनमधला कॉम्प्युटर टिंग करून ‘नमिता रिकामी’ अशी नोंद आपणहून करून ठेवायचा. “पगार मी देतो ना गो, मग माशांना पोहू द्यायचं नाय,” शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं.

नमिताचा जीव मात्र रोज दुपारी रसवंतीत अडकलेला, कारण टेम्पोवाला मिथुन तिथे वाट बघत बसायचा. शेवटी एकदा ती भीत भीत गेली, धापा टाकत परतली, तर टिंग झालंच नव्हतं. पलीकडच्या खोलीत मूर्ती रंगवायचा कंप्रेसर धडधडत होता, भिंतीला लागलेलं तिचं टेबल थरथरत होतं आणि त्यावर माउस एकटाच इमानाने दुडदुडत होता. मग काय, रसाच्या एका ग्लासाचे दोन झाले. “लगीन जमेपर्यंत तेवढा कंप्रेसर बिघडू नये,” मिथुन म्हणायचा.

महिनाअखेरीला शेठनी सगळ्यांसमोर नमिताच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला.

“महिन्याभरात एकदा पण टिंग नाय. एवढी कामाची पोर त्या धडधडीत बसवायची म्हणजे पाप हाय, उद्यापासून हिचं टेबल माझ्या केबिनात.”