कोणताही रकाना रिकामा सोडू नये

"आई, नुसती सही कर. वाचण्यासारखं काही नाही त्यात."

मुलगा हे तिसऱ्यांदा म्हणाला. आईने चष्मा नाकावर नीट बसवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून तिने त्याची जागा धरली होती, पण त्याच्या पायाला भिंगरी लागलेली. खिडकीपर्यंत जायचा, वरचा नंबर बघायचा, परत यायचा. एकोणचाळीस चालू होता. त्यांचा त्रेचाळीस. एक वाजता आरोग्य योजनेची खिडकी बंद होणार होती, आणि योजनेची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल ऑपरेशनची तारीख देणार नव्हतं.

अर्ज त्यानेच भरून आणला होता. नाव, वय, पत्ता, सगळं. फक्त दुसऱ्या पानावरचा 'निदान' हा रकाना त्याने कोरा ठेवला होता. रिपोर्टमधला एक शब्द तिथे उतरवायचा होता. आईची सही झाली की खिडकीशी उभा राहून तो लिहिणार होता. आईला त्याने आणि बहिणीने सांगून ठेवलं होतं, पोटात साधी सूज आहे, काढली की मोकळी. रिपोर्ट मंगळवारपासून त्याच्या खिशात होता. दर दोन मिनिटांनी त्याचा हात तिकडे जायचा.

आईने पिशवीतून पेन्सिल काढली. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली बाई. तिथले लोक तिला पाठीमागे 'कानामात्रा' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांखालून कधी 'ध'चा 'मा' होऊन सुटला नव्हता. अशा बाईच्या हातात छापील कागद द्यायचा आणि वाचू नको म्हणायचं, हा शुद्ध वेडेपणाच होता.

"'रुग्णाचे हक्क,'" ती हलक्या आवाजात वाचू लागली. "'रुग्णास आपल्या आजाराची संपूर्ण महिती मिळेल.' 'माहिती'तला काना खाल्लाय रे यांनी." तिने समासात खूण केली.

"आई, हजारो छापलेत असे. आता कोण बदलणार आहे?"

"म्हणून चूक बरोबर होते का?"

तिने पान उलटलं.

"मंगळवारपासून तू माझ्यावर एकदाही खेकसला नाहीस," ती कागदावरून नजर न हलवता म्हणाली. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

चाळीस. एक्केचाळीस. ती जबाबदाऱ्यांवर आली. "'रुग्णाने डॉक्टरांपासून काहीही लपवू नये.' बरंय. म्हणजे लपवायचं नाही ते रुग्णाने." मग जरा थांबून, "'अर्जातील कोणताही रकाना रिकामा सोडू नये.'"

त्याचा फोन वाजला. बहीण होती. तो खांबाआड गेला.

"तिला कळलं नाही ना रे, दादा?"

"नाही. शुद्धलेखन तपासतेय."

"मग ठीक. तिला नाही सहन व्हायचं."

कुणाला सहन होणार नव्हतं, ते त्याला चांगलंच माहीत होतं. त्याला भीती वाटत होती. आजाराची तर होतीच, पण आईच्या तोंडाकडे बघून तो शब्द उच्चारायची त्याहून जास्त होती.

तो परत आला तेव्हा पेन्सिल पिशवीत गेली होती. सही झाली होती, वळणदार, एकही मात्रा न चुकता.

"घे. माझं झालं."

त्रेचाळीस. तो जवळजवळ धावतच गेला. खिडकीतली बाई मान वर न करता कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ लागली. "नाव बरोबर आहे. वय एकाहत्तर. निदान?"

"एक मिनिट हं, तेवढं लिहायचं राहिलंय." त्याने पेनाचं टोपण काढलं आणि दुसरं पान वर घेतलं.

रकाना रिकामा नव्हता. छापील 'निदान' या शब्दापुढची दोन टिंबं पेन्सिलने खोडली होती, आणि त्याला लागूनच, प्रुफात गळलेले शब्द भरायच्या त्या बारीक अक्षरात, लिहिलं होतं, 'मला तरी सांगा.'

"निदान काय लिहू?" बाईने पुन्हा विचारलं. मागचा माणूस खाकरला.

त्याने वळून पाहिलं. आईने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती.