पाटावरचा हात

“आई, पाटाक तेलाचो हात लावू नकात हां. तेल लागला तर पॉलिश धरूचा नाय,” गौरजाने पुन्हा बजावलं आणि ती विहिरीवर हात धुवायला गेली.

चंद्रावती नुकतीच डोक्याला खोबरेल थापून पडवीत टेकली होती. सून सासूला शिकवते! मालवणच्या बाजारात सुरमईच्या भावावरून भल्याभल्यांची तोंडं बंद केलेली बाई ती, आणि ही कालची पोर तिला सांगणार, हात कुठे लावायचा आणि कुठे नाही.

समोर विटांवर देवाचा पाट ठेवला होता. फणसाचा, तिच्या सासऱ्यांच्या वेळचा. परवा नागपंचमीला तो गंगारामच्या गणपतीशाळेत पोचवायचा होता. मूर्ती ह्याच पाटावर घडायची, ह्याच पाटावरून घरी यायची. सुनेने तो आठवडाभर मांडीवर घेतल्यासारखा जपला होता. बाटलीत निम्मं पीयू पॉलिश, निम्मं टर्पेंटाइन. हलवायचं नाही, बुडबुडे येतात; काडीने सावकाश ढवळायचं. मग जुन्या बनियनचा फडका भिजवून, पिळून, तान्ह्याचं तोंड पुसावं तसं लाकूड पुसायचं. सुकलं की काचपेपर, की पुन्हा पुसणं. स्वरूपच्या बनियनी संपत आल्या, बायकोचं पुसणं काही संपेना.

आज शेवटचा हात होता. संध्याकाळी फर्निचरवाला भाई पाट बघायला येणार होता. पसंत पडला की हॉटेलांच्या खुर्च्यांचं पॉलिश गौरजाकडे. घरबसल्या.

मग मासळीची पाटी कोण उचलणार? बाजारातली जागा चंद्रावतीला तिच्या सासूने दिली होती. दिली म्हणजे डोक्यावर पाटी आदळून दिली होती. तेव्हा कोणी विचारलं होतं, तुका आवडता काय गो म्हणून?

विहिरीत कळशी बुडाली. चंद्रावतीने खोबरेलाची बाटली तळव्यावर उपडी केली आणि हात पाटाच्या मधोमध दाबला. चांगला जोर देऊन. तेल पसरणार, एवढ्यात पावलं वाजली. तिने घाईघाईने पदराने टिपून घेतलं. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं.

गौरजा आली. हात कोरडे केले, फडका पिळला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. लाकूड चकाकलं. मग मधोमध पॉलिश मागे सरायला लागलं, अळूच्या पानावरून पाणी पळावं तसं. आधी तळवा उमटला. मग एकेक बोट. सगळी बोटं पुरी, मधलं तेवढं अर्धं.

चंद्रावतीचं मधलं बोट मासळी कापताना आडाळ्याच्या विळीवर अर्धं गेलं होतं, नवी नवरी असताना.

कोपऱ्यात स्वरूप जाळं विणत होता. त्याने पाटाकडे बघितलं, आईच्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. गौरजाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याची सुई थांबली नाही.

भाई आला तोवर पाट सुकायला आला होता. कडेला तोंड दिसावं अशी चमक, मध्ये तो कोरडा पंजा. भाईने वाकून बघितलं. काम त्याला आवडलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. आणि दुसरंही दिसत होतं.

“नको बाय,” तो गौरजाला म्हणाला. “मी हॉटेलवाल्यांचो माल हय सोडूचो, आणि त्याच्यार रोज असो हात पडलो तर? आधी घरातला मिटवा.”

“चाय तरी घे रे भाई,” चंद्रावती म्हणाली.

“ऱ्हवांदे काकी. चायत काय घातलात तर?”

त्याची मोटरसायकल वळणाआड गेल्यावर चंद्रावतीने पाय पसरले. “फिटली हौस? पंचमी झाली काय पाटी घे. खुर्च्यो पुसून कोणाचा पोट भराक नाय.”

“घेतंय,” गौरजा म्हणाली. रडली नाही. चंद्रावतीला ते बरं वाटलं नाही.

“आणि आधी ता घासून काढ.”

“कित्याक? असोच जातलो पाट.”

“देवाच्या पाटार असला काय?”

“घरातल्या मोठ्या माणसाचो हात आसा, आई. शुभ असता.” आणि उरलेला काचपेपर तिने चुलीत सारला.

ती आत वळल्यावर चंद्रावतीने काथ्या घेऊन पाट घासून बघितला. राख लावून बघितलं. नखं झिजली, पॉलिशला ओरखडा नाही. सुनेचं काम पक्कं होतं.

पंचमीला गणपतीशाळेत अर्धा गाव आपापले पाट घेऊन उभा होता. चंद्रावती दर वर्षासारखी पुढे, गौरजा डोक्यावर पाट घेऊन मागे. पाटावर चंद्रावतीने स्वतःच्या हाताने टॉवेल गुंडाळला होता, पावसाचं निमित्त करून. गंगाराम एकेक पाट घेत होता, कडेला खडूने घराचं नाव घालून रांगेत लावत होता.

“टॉवेल ऱ्हवांदे, गंगाराम. नाव मागच्या बाजून घाल.”

“मगे माती काय टॉवेलार घालू?” गंगारामने टॉवेल ओढला.

मधोमध तो पंजा, अर्ध्या बोटासकट. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने त्या हातातून कधी ना कधी मासळी घेतली होती, सुटे पैसे घेतले होते, शिव्याही घेतल्या होत्या.

गंगारामने खडू पुन्हा कानावर अडकवला.

“ह्याच्यार नाव घालूची गरज नाय, चंद्राक्का,” तो म्हणाला आणि पाट सगळ्यांत पुढे, दारासमोर उभा करून ठेवला.